लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबायची

डाउनटाउनला हडसन्स या मोठ्या दुकानात जायचं तर हातमोजे घालून जायचं. पांढरे, सुती, मनगटापर्यंतचे. डोक्यावर हॅट, पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट, आणि तिथे धावायचं नाही म्हणून मुलांना घरातूनच दटावलेलं. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या बायका हे सांगतात तेव्हा आवाजात तक्रार नसते. उलट त्या जरा ताठ होऊन बसतात. दुकानात जायला एवढा थाट कशाला, असं आजच्या माणसाला वाटेल. पण आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला घरातली चार मोठी माणसं ठेवणीतले कपडे घालून निघायची, ते आठवलं की मला या बायकांचं म्हणणं लगेच कळतं.

हे दुकान चालू असताना मी कधी पाहिलं नाही. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी मिशिगनला आले तेव्हा वुडवर्ड अव्हेन्यूवर त्याची नुसती इमारत उभी होती. काचा फुटलेल्या, खालच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पुढे २४ ऑक्टोबर १९९८ला, शनिवारी संध्याकाळी, सुरुंग लावून तीही पाडली. तरीही लहानपणी रोज ज्यांच्यासमोरून शाळेत गेले त्या दुकानांबद्दल मला जेवढं सांगता येणार नाही, तेवढं हडसन्सबद्दल सांगता येतं. कारण इथे आल्यापासून लोक मला ते सांगत आलेत. ऑफिसात डबा खाताना, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, बर्फात रुतलेली गाडी ढकलून झाल्यावर धापा टाकत. डेट्रॉइटच्या जुन्या माणसाशी बोलणं थोडं लांबलं की गाडी कुठून ना कुठून हडसन्सवर येतेच.

इतकी वर्षं ऐकून माझं एक मत झालंय. दुकान एकच होतं, पण प्रत्येकजण त्यात वेगळ्या दारानं शिरला होता. एकाच दाराची आठवण धरून बसलं तर हडसन्स एक तर नको इतकं गोड होतं, नाहीतर नको इतकं कडू. सगळ्या दारांवरची माणसं बोलायला लागली की मगच ते दुकान डोळ्यांसमोर उभं राहतं.

आधी आकार सांगते, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. जोसेफ लोथियन हडसन या माणसानं १८८१मध्ये डेट्रॉइटच्या ऑपेरा हाऊसच्या इमारतीत कपड्यांचं दुकान काढलं. दहा वर्षांनी ते वुडवर्डजवळ फार्मर स्ट्रीटवरच्या स्वतःच्या इमारतीत गेलं. पुढे १९११ ते १९४६ या काळात शेजारची जागा घेत, जुनं पाडत, नवं जोडत ते असं वाढत गेलं की अख्खा ब्लॉक, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला पूर्ण भूखंड, त्याचा झाला. जमिनीवर पंचवीस मजले, जमिनीखाली चार तळघरं, उंची ४१० फूट. एकूण जागा वीस लाख चौरस फुटांहून जास्त. अमेरिकेत याहून मोठं दुकान एकच, न्यूयॉर्कचं मेसीज; आणि उंचीत तर जगात याच्या तोडीचं दुकान नव्हतं. भरभराटीच्या काळात इथे बारा हजार माणसं कामाला होती आणि एका दिवसात लाखभर गिऱ्हाईक येऊन जायचं. एका दुकानात, एका दिवसात, लाख माणसं.

या हडसनची एक गोष्ट मला फार आवडते. डेट्रॉइटला नाव काढण्याआधी, १८७६च्या मंदीच्या दिवसांत, तो दिवाळखोर झाला होता. ज्यांचं देणं होतं त्यांनी डॉलरमागे साठ सेंट घेऊन हिशेब मिटवला होता. कायद्यानं त्याच्यावर एका पैशाचंही देणं उरलं नव्हतं. पण १८८८मध्ये हातात पैसा खेळायला लागल्यावर त्यानं जुन्या याद्या काढल्या आणि प्रत्येकाला राहिलेली रक्कम व्याजासकट चुकती केली. नेलेली वस्तू परत आणली तर हडसन्समध्ये खळखळ करत नाहीत, ही ख्याती पुढे जवळजवळ शंभर वर्षं टिकली. ती या स्वभावातून आली असावी असं मला वाटतं. माणूस अविवाहित होता. १९१२मध्ये तो गेला आणि दुकान त्याच्या चार भाच्यांनी, वेबर भावांनी, पुढे नेलं. मोटारींचा नाद असलेल्यांना 'हडसन' ही गाडी माहीत असेल. त्या कंपनीला भांडवल यानंच दिलं होतं, म्हणून तिला त्याचं नाव.

आता बाराव्या मजल्याकडे वळते. साठीच्या पुढचा कुणीही डेट्रॉइटकर घ्या, त्याच्या आठवणीत लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबते आणि दार उघडतं. खेळण्यांचा मजला. नाताळच्या आधी तो अख्खा सजवायचे, सांताक्लॉज तिथेच बसायचा आणि त्याच्या मांडीवर बसायला मुलांची रांग लागायची. शेजारच्या आजी सांगतात, "रांगेत तासभर उभी राहिले आणि नेमकं माझा नंबर आल्यावर काय मागायचं तेच विसरले." त्यांना त्या दिवशी मागायचं काय होतं ते आता पक्कं आठवतं, आणि त्या ते मला दर डिसेंबरात सांगतात: निळ्या चाकांचे रोलर स्केट.

त्या मजल्यावर पोचायच्या आधी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सकाळची मिरवणूक असायची. हडसन्सनं ती १९२४मध्ये सुरू केली. न्यूयॉर्कची प्रसिद्ध मिरवणूकही त्याच वर्षीची. दुकानाच्या सजावट विभागाचा प्रमुख चार्ल्स वेंडेल यानं इटलीतल्या व्हियारेज्जोच्या कार्निव्हलमधून कागदाच्या लगद्याची प्रचंड मोठी मुंडकी करायची कल्पना उचलली, आणि ती मुंडकी घालून माणसं वुडवर्डवरून चालायची. कडाक्याच्या थंडीत पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघायची. हडसन्सनं १९७९मध्ये अंग काढून घेतलं तरी मिरवणूक बंद पडली नाही. गावानं ती चालू ठेवली, आजही दर नोव्हेंबरात निघते, मुंडक्यांसकट. आणि झेंडा. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर सणावाराला अमेरिकेचा जगातला सर्वांत मोठा झेंडा सोडायचे. पहिला १९२३चा, दुसरा त्याहून मोठा १९४९चा. १९७६मध्ये तो शेवटचा लावला आणि मग स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकला.

तेराव्या मजल्यावर जेवायची सोय होती. तिथलं 'मॉरिस सॅलड' शेजारच्या आजी अजूनही घरी करतात. मी मांस खात नाही हे कळल्यापासून माझ्यासाठी त्या वेगळा वाडगा काढतात. खरं तर त्या पदार्थात टर्की आणि हॅमच्या बारीक लांब पट्ट्याच मुख्य असतात. माझ्या वाट्याला स्विस चीज, गोडसर लोणच्यातल्या काकड्या, बिनबियांचे ऑलिव्ह आणि सालादची पानं. पण जीव आहे तो वर घालायच्या सॉसमध्ये. मेयोनेझ, व्हिनेगर, लिंबाचा रस, किसलेल्या कांद्याचं पाणी, मोहरीची पूड, थोडी साखर, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली आणि बारीक चिरलेलं उकडलेलं अंडं. कांदा किसून तो मुठीत पिळून त्याचं फक्त पाणी घ्यायचं, चोथा टाकायचा, यावर आजींचा कटाक्ष. "हडसन्समध्ये असंच करायचे," असं त्या म्हणतात. मुदपाकखान्यात त्या कधी गेल्या असतील असं वाटत नाही, पण त्यांची आई तेराव्या मजल्यावर त्यांना वाढदिवसाला न्यायची आणि ते सॅलड मागवायची. आई गेली, तेरावा मजला गेला, आणि कांद्याचं पाणी पिळायची रीत मात्र आता माझ्याही हाताला आली आहे.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंचं दार वेगळं होतं. १९६५च्या कायद्यानं आशियातल्या माणसांना अमेरिकेची वाट मोकळी झाली, त्यानंतरच्या काही वर्षांत मोटार कंपन्यांमध्ये जे मराठी इंजिनिअर आले त्यांतले काका. आधी ते आले, मागून काकू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा जानेवारी महिना, अंगावर नऊवारी नाही पण पाचवारी साडी, वर सासूबाईंनी विणलेलं स्वेटर. विमानतळाबाहेर पाऊल ठेवलं आणि डोळ्यांतलं पाणी गालावरच थिजलं, असं त्या सांगतात. दोन दिवसांनी शेजारीण त्यांना बसमध्ये घालून डाउनटाउनला घेऊन गेली. कोट घ्यायला.

तो कोट मी पाहिलाय. हातात घेऊन, उलटा करून पाहिलाय. उंटाच्या रंगाचा, जाड लोकरीचा, गुडघ्याच्या खालपर्यंत. आतून तपकिरी सॅटिनचं अस्तर, काखेत फाटलेलं, ते काकूंनी घरात मिळाला त्या पिवळ्या दोऱ्यानं टाके घालून शिवलंय. कॉलरच्या आत हडसन्सची पट्टी अजून जागच्या जागी. बाह्यांची टोकं आतून दुमडून आखूड केलेली, आणि त्यांची शिवण इतकी बारीक की बोटानं चाचपल्याशिवाय दुमड कळत नाही.

"अगं, मला इंग्लिश बोलायची भीती वाटायची," काकू म्हणाल्या. "शाळेत शिकले होते, पण तोंडातून फुटेना. ती कोट विकणारी बाई सावकाश बोलायची. मला साडीत बघून तिनं आधी माझ्या मापाचा कोट परत ठेवला आणि एक माप मोठा आणला. म्हणाली, आत एवढं कापड आहे, बसशील तेव्हा दाटेल. मला खुर्चीवर बसवलं, उठवलं, हात वर करायला लावले. पदर कुठे घेणार विचारलं. मी पदर खांद्यावरून पुढे घेऊन खोचून दाखवला, मग तिनं बटण लावून पाहिलं. बाह्या लांब होत होत्या, त्या वर पाठवून आखूड करून दिल्या."

काकूंनी आयुष्यात नंतर पुष्कळ खरेदी केली. मुलांची लग्नं झाली, नातवंडांचे वाढदिवस झाले. पण अमेरिकेत आपल्याला पहिल्यांदा कुणी नीट बघितलं ते कोटाच्या त्या काउंटरपाशी, असं त्या म्हणतात, आणि त्यांचा यावर पक्का विश्वास आहे. माझाही आहे.

माझ्या एका सहकाऱ्याची आई तिथेच लिफ्ट चालवायची. काळ्या समाजातलं कुटुंब, पूर्व डेट्रॉइटचं. गणवेश, हातमोजे, आणि दार उघडताना मजल्यावर काय काय मिळतं ते गाण्याच्या चालीत सांगायचं. पुढे वय झालं, नावं विसरायला लागली, तेव्हाही ती माउली सगळे मजले खालून वर आणि वरून खाली बिनचूक म्हणून दाखवायची. तो मला हे सांगताना हसत होता आणि बोटं वर-खाली करत होता, लिफ्टचा दांडा फिरवल्यासारखी.

या आठवणीच्या शेजारी एक गोष्ट ठेवायलाच हवी. डेट्रॉइटच्या डाउनटाउनमधल्या मोठ्या दुकानांत, हडसन्सही त्यात आलं, काळ्या माणसांना कित्येक वर्षं काउंटरमागे उभं राहून माल विकायचं काम देत नसत. लिफ्ट चालवायची, झाडलोट करायची, मुदपाकखान्यात भांडी घासायची, गोदामात खोकी उचलायची, एवढंच. काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अर्बन लीगसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर पन्नासच्या दशकात ते हळूहळू बदलत गेलं. म्हणजे दिवसभर एखादी बाई गिऱ्हाइकांना सगळ्या मजल्यांवर नेऊन सोडणार, पण त्यातल्या एकाही मजल्यावर ती टोपी विकू शकणार नाही. काकू सत्तरच्या दशकात पोचल्या. त्याआधी वीस-तीस वर्षं त्याच लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या बाईला कोटाच्या काउंटरमागे उभं राहायची मोकळीक नव्हती. शेजारच्या आजींच्या हातमोज्यांचं कौतुक मला मनापासून आहे. पण लिफ्टच्या दांड्यावरचे हातमोजे त्याच्यासोबत दिसले नाहीत तर ते कौतुक मला लंगडं वाटतं.

आणि तरीही, हेच जमेला धरायला हवं की काळ्या डेट्रॉइटकरांकडेही हडसन्सच्या आठवणी भरभरून आहेत. तळघरातल्या स्वस्त विभागात शाळेचे कपडे घेतलेले, बाराव्या मजल्यावर हट्ट केलेला, कर्नच्या घड्याळाखाली भेटायचं ठरवलेलं. (कर्न हे हडसन्सच्या शेजारचं दुसरं मोठं दुकान. ते १९६६मध्येच पाडलं, पण त्याचं रस्त्यावरचं घड्याळ राखलं, ते आजही तिथे आहे.) जिथे आपल्याला पूर्ण दार उघडलेलं नव्हतं त्या जागेवरही माणूस जीव लावतो. माझ्या सहकाऱ्यानं कधी या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या नाहीत.

हडसन्स का बंद पडलं, असं विचारलं की गोऱ्या उपनगरांतली बरीच माणसं एका दमात उत्तर देतात: १९६७ची दंगल. त्या जुलैत पाच दिवस शहर जळत होतं, ४३ माणसं मेली, हे खरं. पण हिशेब तिथून सुरू होत नाही. १९५०मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. १९६०च्या शिरगणतीत ती पावणेसतरा लाखांच्याही खाली आली होती, म्हणजे दंगलीच्या कितीतरी आधी गाव सुटायला लागलं होतं. मधल्या काळात शहराच्या पोटातून मोठाले महामार्ग काढले. त्यांतला एक हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून, काळ्या वस्तीच्या भर बाजारपेठेवरून गेला. कारखाने बाहेर गेले, गोऱ्या कुटुंबांना उपनगरांत घरकर्ज सहज मिळायचं, काळ्यांना मिळत नसे.

आणि १९५४मध्ये हडसन्सनंच नॉर्थलँड बांधलं. शहराची हद्द असलेल्या एट माइल रस्त्याच्या पलीकडे, साउथफील्डला. व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुरचनाकारानं आखलेलं, त्या वेळी जगातलं सर्वांत मोठं म्हणवलं जाणारं शॉपिंग सेंटर. मधोमध हडसन्सचं नवं दुकान, भोवती बागा, शिल्पं, आणि हजारो गाड्या फुकट उभ्या राहतील एवढी जागा. तीन वर्षांनी ईस्टलँड. दुकानाच्या बाजूनं बघितलं तर त्यांनी काय वावगं केलं? गिऱ्हाईक जिकडे गेलं तिकडे ते गेले. १९५३ला डाउनटाउनच्या दुकानाची विक्री पंधरा कोटी डॉलरच्या वर होती, आणि त्यापुढे ती उतरतच गेली. वुडवर्डवरच्या इमारतीत मजले बंद होत गेले, दिवे कमी होत गेले. १९६९मध्ये मिनेसोटाच्या डेटन कंपनीशी विलीनीकरण झालं. १७ जानेवारी १९८३ला दुकान कायमचं बंद झालं. पुढे कंपनीनं स्वतःच्या स्वस्त दुकानांच्या साखळीचं नाव घेतलं: टार्गेट. उपनगरांतल्या हडसन्सच्या पाट्या २००१मध्ये उतरल्या, आधी मार्शल फील्ड आणि मग २००६ला मेसीज. नॉर्थलँडही २०१५मध्ये बंद झालं.

शेजारच्या आजी १९५६पासून उपनगरात राहतात. त्यांनी डाउनटाउनला जाणं कधी थांबवलं असं मी विचारलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठरवून थांबवलं नाही ग. नॉर्थलँड जवळ होतं." मला वाटतं, इतकी मोठी वास्तू कशानं पडली याचं सर्वांत खरं उत्तर मी तिथे ऐकलं. एकेक घर, एकेक शनिवार, जवळच्या दुकानाकडे वळला.

पाडायच्या दिवशी आम्ही काहीजण नदीच्या बाजूला उभे होतो. मधली बरीच वर्षं ती इमारत रिकामी होती. भंगारवाल्यांनी तिच्यातलं तांबं, पितळ, पाण्याच्या सुंदर नळांसकट उचकटून नेलं होतं. इमारत वाचवावी म्हणून धडपडणारी माणसं होती, त्यांनी शेवटपर्यंत भांडण सोडलं नाही. महापौर डेनिस आर्चर यांचं म्हणणं असं की ही पडल्याशिवाय डाउनटाउन उठणार नाही. दोन्ही बाजूंची माणसं त्या गर्दीत होती. सुमारे बाराशे किलो स्फोटकं, हजारभर ठिकाणी पेरलेली. पावणेसहाच्या सुमारास आधी आवाज आला, एकामागून एक, बंदुकांची फैर झडावी तसा. मग मधला उंच भाग वाकला, आणि मग सगळंच खाली आलं. सुरुंगानं पाडलेली तोवरची सर्वांत उंच इमारत होती ती. धुळीचा लोट रस्त्यारस्त्यांतून आमच्या अंगावर येऊन पोचला. शेजारून जाणाऱ्या उन्नत गाडीच्या रुळांचंही नुकसान झालं. काहीजणांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ नातवाचा हात धरून उभे होते, त्यांनी टोपी काढली. ढिगारा साठ फुटांचा होता. पुढच्या आठवड्यांत लोक विटा घेऊन गेले. शेजारच्या आजींच्या फडताळात एक आहे, लाल, एका कोपऱ्यावर चुन्याचा डाग.

मी लालबागची. चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. हडसन्सचं दार बंद झालं ते बरोबर एक वर्षानं, एक दिवस आधी. या तारखा जुळण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण त्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण मी जे इथे ऐकते ते तिथे घरात पाहिलेलं आहे. आमच्या लोकांचं दुकान म्हणजे नायगावचं अपना बाजार. १९४८मध्ये कामगारांनी सहकारातून उभं केलेलं. दिवाळीच्या आधी आई दोन पिशव्या घेऊन तिथे जायची, आणि संपाच्या दिवाळीत एकच पिशवी घेऊन गेली. वडिलांची गिरणी नंतर उभी राहिलीच नाही. पुढे लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेत झगमगीत दुकानं आली, धुराडं शोभेला ठेवलं. डेट्रॉइटला कामगार पांगले म्हणून दुकान पडलं, गिरणगावात कामगार पांगले म्हणून दुकानं उभी राहिली. मी सुट्टीला गेले की भाचरं मला तिथे नेतात. त्यांना त्या जागेचा आनंद वाटतो, वाटायलाच हवा. मी मात्र त्या धुराड्याकडे बघत राहते. त्याच्याखाली कुणी किती वर्षं काम केलं, कोण साच्यावर होतं, कोण खात्यात, कुणाचा हात यंत्रात गेला, हे त्याच्याकडे बघून कुणाला कळणार? धुराडं राखणं चांगलंच. पण माणसांची नावं नसली तर ते नुसतं उंच बांधकाम.

म्हणून वुडवर्डवर आता जे उभं राहिलंय त्याकडे मी बारकाईनं बघते. हडसन्सची जागा कितीतरी वर्षं मोकळी होती, खाली जमिनीत फक्त गाड्यांची सोय. डिसेंबर २०१७मध्ये डॅन गिल्बर्ट या उद्योगपतीच्या बेडरॉक कंपनीनं तिथे बांधकाम सुरू केलं आणि साडेसहाशे फुटांहून उंच मनोरा आणि त्याला जोडून एक बसकी लांब इमारत उभी केली. नाव ठेवलं 'हडसन्स डेट्रॉइट'. जनरल मोटर्सनं नदीकाठचं आपलं जुनं मुख्यालय सोडून इथे यायचं ठरवलं. जुनी माणसं यावर नाराज असतील असं मला वाटत होतं. तसं नाही. शेजारच्या आजी नातवाबरोबर जाऊन बघून आल्या आणि "नाव तरी परत आलं" म्हणाल्या. सहकाऱ्याला इमारत आवडली. काकूंना काचा फार वाटल्या.

मलाही ते नाव परत आलेलं बरं वाटतं. रिकाम्या जागेपेक्षा हजारपट बरं. १९५०च्या साडेअठरा लाखांवरून २०२०मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या घरात आलेल्या शहरात भर डाउनटाउनला नवं काही उभं राहतं, लोक कामाला येतात, दुपारी रस्त्यावर गर्दी दिसते, याचं मोल मी उपनगरातून येऊन-जाऊन करणाऱ्या बाईनं कमी लेखू नये. पण हडसन हे नाव घ्यायचं तर त्यानं १८८८मध्ये काय केलं तेही घ्यायला हवं. कायद्यानं देणं नसताना त्यानं जुनी यादी काढली होती.

मला विचाराल तर त्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे कुणीही पास न दाखवता शिरू शकेल अशा ठिकाणी, काम केलेल्या माणसांची नावं लावावीत. मिळतील तेवढी. निवृत्त कर्मचारी, त्यांची मुलं, नातवंडं अजून आहेत. विचारलं तर सांगतील, माझ्यासारख्या परक्या बाईलाही त्यांनी न विचारता सांगितलंय. मोठ्या साहेबांची नावं आधीच रस्त्यांना आणि दवाखान्यांना आहेत, ती नंतर आली तरी चालतील. मिरवणुकीची मुंडकी रंगवणारे हवेत, हिरव्या गाड्यांतून घरोघरी खोकी पोचवणारे हवेत, तेराव्या मजल्यावर कांदे पिळणारे आणि ताटल्या घासणारे हवेत. माझ्या सहकाऱ्याच्या आईचं नाव लिफ्टच्या दारापाशी हवं. आणि ज्या बाईनं वर कुठल्यातरी मजल्यावर बसून काकूंच्या कोटाच्या बाह्या आखूड केल्या, तिचंही.